चिमट्यावरचं कुंकू

मरोळच्या नाक्यावर झेंडूचे ढीग लागले की मला सायकलच्या तेलाचा वास येतो. गोणपाटावर पिवळा आणि केशरी शेजारी शेजारी ओतलेला असतो, फुलवाली वरून पाणी शिंपडत असते, मी पिशवी उघडून उभी असते, आणि नाकात येतो तो वास फुलांचा नसतो. चेनच्या काळ्या तेलाचा असतो, त्यात थोडं खोबरेल मिसळलेलं. आजही आला. फुलवालीने दोनदा विचारलं, ताई, किती देऊ, तेव्हा मी भानावर आले.

पाऊस गेला असं आमच्याकडे कुणी सांगायला लागत नाही. एक दिवस दुपारी गॅलरीवरचे पत्रे तापून बोलायला लागतात, टक्, टक्, जणू वर कुणी सुपारी फोडतंय. पावसाळाभर कठड्यावर साठलेलं शेवाळ काळं पडतं आणि पापडासारखं सुटून येतं. गोधड्या बाहेर निघतात. कपाटाची दारं, जी चार महिने फुगून अडकत होती, ती पुन्हा नीट लागतात. मला हे दिवस आवडतात. अंग चिकचिकतं, डोकं दुखतं, तरी आवडतात. सगळं उघडून, पुसून, उन्हाला दाखवायचे दिवस.

त्या वर्षी आमच्या गॅलरीत गोधड्यांबरोबर सायकलचे तुकडेही वाळत होते.

प्राचीला, आमच्या मुलीला, नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. इस्पितळ अंधेरीच्या पश्चिमेला, ड्युटी भल्या सकाळची. मरोळहून त्या वेळेला बस मिळाली तर मिळाली. रिक्षावाले पुलापलीकडे यायला नको म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात तिला उशीर झाला आणि सिस्टरने सगळ्यांसमोर उभं केलं. घरी येऊन ती रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, एक सायकल असती ना, तर मी कुणाच्या बापाला ऐकलं नसतं." हे हसले. म्हणाले, तुझ्या बापाला तरी ऐक.

नवी सायकल घेण्यासारखं तेव्हा काही नव्हतं. ह्यांचा कारखाना मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याचे खोके बनवायचा. तिथे हे पॅकिंगला होते. बाहेर फेकलेली एक गियरची सायकल त्यांना कारखान्यामागे मिळाली. सायकल म्हणजे काय, नुसता सांगाडा. मालकाला विचारून खांद्यावरून घरी आणला. मग फोन काढला. जुने भाग विकणारी माणसं फोनवर असतात हे त्यांना कुणीतरी दाखवलं होतं. गोकुळाष्टमीपासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. चाक बोरिवलीत आहे. हँडल मुलुंडला आहे. सीट घाटकोपरला. मी भाजी निवडताना ऐकायची आणि मला वाटायचं, एक सायकल सगळ्या उपनगरात विखुरली आहे आणि हे तिला एकेका हातपायाने घरी बोलावतायत.

खालच्या मजल्यावरचे परबकाका रोज जिन्यात विचारायचे, "काय वहिनी, खिचडी शिजली का?" मी पदर पुढे घेऊन वर निघून यायची. मला उत्तरं सुचतात, पण घरी आल्यावर.

पहिलं चाक आलं ते कुरिअरने आलं. फोटोत आरशासारखं चमकत होतं. आलं ते जुन्या साडीत गुंडाळलेलं, आणि फिरवलं तर डुगडुगायचं. रिंग अशी वाकडी की पाहणाऱ्याची मान हलावी. ह्यांनी फोन लावला तर माणूस गोड बोलला, दुसऱ्यांदा लावला तर वाजत राहिला, तिसऱ्यांदा लागलाच नाही. हे बराच वेळ त्या चाकासमोर उकिडवे बसून होते. रागावले नव्हते. लाजले होते. फसलेल्या माणसाला राग यायच्या आधी लाज येते, हे मी तेव्हा पाहिलं.

ती साडी मात्र मी ठेवून घेतली. चांगली सुती होती, एका बाजूला विरलेली. कुणा बाईची असेल, तिला विचारून घेतली असेल का, असलं काहीतरी मी धुताना मनात आणत होते.

जुन्या वस्तूंचं आम्हाला वावडं कधीच नव्हतं. प्राचीचा पाळणा जुना होता. माझी परात आणि कढई जुन्या बाजारातली. पण तिथे वस्तू हातात यायची. कढई उलटी करून बूड बघायचं, उजेडासमोर धरून भोक आहे का बघायचं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. तडा गेलेलं भांडं बद्द वाजतं, ते काही लपत नाही. फोनमधल्या फोटोला टिचकी मारता येत नाही. तो एकच बाजू दाखवतो, आणि तीही विकणाऱ्याने निवडलेली.

म्हणून ह्यांनी नेम केला. जे घ्यायचं ते स्वतः जाऊन, हातात घेऊन. रविवारी सकाळी निघायचे आणि दुपारी घामाने भिजून यायचे. बोरिवलीहून दुसरं चाक आणलं ते स्वतः फिरवून बघून. मुलुंडला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हँडल दिलं आणि वर चहा पाजला, त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगितली. ती हकिगत हे घरी येऊन मला सांगत होते. मी त्या बाईला कधी पाहिलं नाही, पण अजून कधी गुडघा धरला की तिची आठवण येते.

सीट आली घाटकोपरहून. आणल्यावर उलटी केली तर खाली बॉलपेनने अथर्व असं लिहिलेलं, भोवती चांदण्या काढलेल्या. कुणा पोराच्या सायकलवरून चोरलेली तर नसेल? फोनवर विकतात त्यात चोरीचंही असतं असं परबकाकांनी जिन्यात सांगितलंच होतं. मी ह्यांना एवढंच म्हटलं, की ह्या नावाचं पोर कुठेतरी शोधत असेल. हे दुसऱ्या रविवारी पुन्हा घाटकोपरला गेले. ती सीट देणारी बाई दारात आली आणि हसायला लागली. अथर्व आतून आला, बापाएवढा उंच, मिसरूड फुटलेलं. सायकल लहान झाली म्हणून विकली. त्यालाच ते नाव बघून लाज वाटली. म्हणाला, काका, खोडून टाका ना यार. आम्ही खोडलं नाही. प्राची त्यावर बसून फिरते, अजून.

त्या रविवारनंतर घरातली हवा बदलली. वाटलं, जग काही तितकं वाईट नाही. प्रत्येक तुकड्यामागे एक घर असतं. कुणाचं पोर मोठं झालेलं असतं, कुणाचे गुडघे गेलेले असतात.

राहिला होता फक्त चिमटा. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं, त्याला सायकलवाले चिमटा म्हणतात. सगळा भार त्याच्यावर. पुढचा ब्रेक दाबला की सगळा झटका त्याच्यावर. तो चांगला हवा एवढं मलाही कळत होतं. बरेच दिवस मापाचा मिळत नव्हता. मग एका संध्याकाळी हे फोनवर बोलता बोलता एकदम मालवणीत शिरले. आवाजच बदलला. गाव खंयचा, म्हणून विचारलं, आणि पलीकडून आलेलं नाव ऐकून उठून उभे राहिले. आमच्या गावाजवळच, ओढ्यापलीकडची वाडी. मग काय, अर्धा तास पुलाचं काम, देवळाचा जीर्णोद्धार, कोण वारलं, कोण मुंबईला आलं. चिमट्याची चौकशी शेवटी दोन वाक्यांत झाली. फोन ठेवून मला म्हणाले, "अगो, आपलोच माणूस निघालो. ह्येका बघूक कशाक जावचा?"

आपली माणसं तोंड बघून नाही, बोली ऐकून विश्वास टाकतात. इतक्या लांब येऊन, चाळीत, कारखान्यात, दिवसभर मोडकंतोडकं हिंदी बोलल्यावर कुणी कानात गावचं बोललं की आतलं काहीतरी सैल पडतं. त्यात चूक काय म्हणणार? मीही त्या संध्याकाळी खूश होते. गावातल्या त्या ओढ्यात मी पोहायला शिकले होते.

आणि चिमटा आला तोही असा, की ह्यांचा उरलासुरला संशय गेला. हे पॅकिंगवरून माणूस ओळखायचे. टेप वाकडा लावणारा मनानेही वाकडा, असं त्यांचं ठरलेलं होतं. हे पार्सल त्यांनी उघडायच्या आधी मला बोलावून दाखवलं. पुठ्ठा मापात कापलेला, कोपरे दुमडून आत घेतलेले, टेप सरळ रेषेत. आत चिमटा कागदात गुंडाळलेला, काळा कुळकुळीत, नवा वाटावा असा रंगवलेला. "बघ काम," हे म्हणाले. रंगाखाली काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, आणि चाळीतल्या कुणालाही ते सुचलं नाही. सुंदर बांधलेल्या वस्तूला कोण नावं ठेवणार.

सायकल उभी राहिली. प्राची दसऱ्याच्या आधीचे काही दिवस चाळीच्या मागच्या गल्लीत फिरवायची. गल्लीत खड्डे होते, सायकल धाडधाड आपटायची आणि ती हसायची. इस्पितळात न्यायची ती दसऱ्याच्या दिवशी पूजा करून, असं बापलेकीचं ठरलं होतं. त्या दिवशी तिची ड्युटी उशिराची होती, रस्तेही मोकळे. पूल चढायचा आणि पलीकडचा उतार ब्रेक धरून उतरायचा.

दसऱ्याला सकाळी मी गॅलरीत पाट मांडला. त्यावर ह्यांची हत्यारं, पाना, हातोडी, पक्कड, लोखंड कापायची करवत, माझी विळी, प्राचीचं थर्मामीटर. सगळ्यांना फुलं. करवत लांब होती म्हणून तिला मी झेंडूची लहान माळ दोऱ्याने बांधली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ते विसावतं, असं आमच्याकडे आहे. गावी ह्या दिवशी कोयतासुद्धा कुणी उचलत नसे.

मग सायकलीला कुंकू. माझ्या सासूबाई लोखंडाला पाण्यातलं कुंकू लावू देत नसत. गंज धरतो म्हणायच्या. वाटीत खोबरेल घ्यायचं, त्यात कुंकू कालवायचं आणि बोटाने लावायचं. त्या गेल्यावर मी तसंच करत आले. हँडलला लावलं, सीटला लावलं, मग खाली वाकून चिमट्याच्या मानेला, जिथे दोन पाय एकत्र येतात तिथे, जरा जास्तच लागलं आणि ओघळलं. ते बरं दिसेना म्हणून मी फडक्याने पुसलं. फडकं तेच होतं, त्या पहिल्या चाकाबरोबर आलेल्या साडीचं.

सगळं पुसलं गेलं. एक रेघ राहिली.

केसाएवढी बारीक, लाल, आडवी. मी पुन्हा पुसली. गेली नाही. नखाने पाहिलं, नखाला काही लागत नव्हतं, पण तेलातलं कुंकू आत कुठेतरी उतरलं होतं आणि तिथून येत होतं. मी मातीच्या मडक्यावर अशी रेघ पाहिली आहे. चहाच्या कपावर पाहिली आहे. रोज धुतलं तरी तडा तेवढा तपकिरी राहतो.

तोवर गॅलरीत माणसं जमली होती. परबकाका नारळ घेऊन आले होते, फोडायचा मान त्यांचा. हे नवा शर्ट घालून उभे होते. शेजारणी होत्या. प्राची सायकलवर बसली होती, एक पाय जमिनीवर, डोक्याला गजरा, आणि कुणीतरी फोटो काढत होतं. ह्यांचा चेहरा मी पाहिला. दीड महिना ज्याला सगळ्यांनी खिचडी म्हटलं ते आज शिजलं होतं. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. हळदीकुंकवालाही मी कोपऱ्यातच बसते. मला वाटलं, नंतर सांगू, माणसं गेल्यावर. पण प्राचीने बसल्या बसल्याच सायकल जिन्याकडे वळवली.

मी हँडल धरलं ते सोडलंच नाही.

"आई, सोड ना गं," ती म्हणाली.

"ही रेघ जात नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. परबकाका म्हणाले, वहिनी, देवाचं कुंकू आहे, राहू दे की. कुणी हसलं. हे मात्र हसले नाहीत. इतक्या वर्षांत मी लोकांसमोर काही म्हटलं नव्हतं, म्हणूनच असेल. ते खाली बसले, रेघ पाहिली, खिशातली किल्ली काढली आणि रंग खरवडला. रंगाची पापडी निघाली. त्याखाली लोखंड नव्हतं, राखाडी पुट्टी होती. पुट्टी भुगा होऊन पडली आणि खाली दिसला तडा, मानेला जवळजवळ अर्धा वळसा घालून गेलेला. आतून गंजलेला, म्हणजे जुना. गल्लीतल्या खड्ड्यांनी वरचा रंगही फाटला होता, कुंकवाला वाट मिळाली होती.

परबकाकांनी नारळ हळूच पाटावर ठेवला. प्राची उतरली. पुलाचा उतार आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर एकाच वेळी आला असेल, कारण तिने माझा हात धरला आणि बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, वाट लागली असती ना माझी." एवढंच, आणि हळू. मग बस पकडायला गेली, गजऱ्यासकट.

हे सायकलपाशीच बसून राहिले. किती वेळ तडा बघत होते. त्यांना चिमट्याचं वाईट वाटत नव्हतं. आपल्या बोलीत कुणी आपल्याला असं करू शकतं ह्याचं वाटत होतं. शेवटी त्या गाववाल्याला फोन लावला. मी दारात उभी होते. ओरडतील वाटलं होतं, पण नुसतं सांगितलं काय झालं ते. पलीकडून तो म्हणाला, "माका म्हायत नाय होता, भाऊ. माझ्याकडे रंगवलेलोच इलो तो." खरं असेल. खोटंही असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि हल्ली मी ठरवायचा प्रयत्नही करत नाही. तोही कुणाकडून तरी घेतच असणार, तसाच, वरचा रंग बघून. पुढे तो म्हणाला की त्याचा माणूस संध्याकाळी अंधेरीत येणार आहे, घरी येईल, चिमटा त्याच्याकडे परत द्या, पैसे लगेच पाठवतो. वागायला तो काही वाईट नव्हता.

ह्यांनी फोन ठेवला आणि जरा हलके झाले. पैसे परत येणार म्हणजे दुसरा चिमटा दुकानातून आणता येईल. ते चिमटा सोडवायला लागले, हातानेच, पाना पुजेत होता म्हणून. मग तेवढ्यासाठी देवाला हात जोडून पाना उचलला. सुटा झालेला चिमटा त्यांनी त्याच पुठ्ठ्यात ठेवला. मोडलेला असूनही कोपरे नीट दुमडले. सवय.

मी त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. संध्याकाळी तो जाईल. त्याला कुणीतरी पुन्हा पुट्टी भरेल. पुन्हा काळा रंग. पुन्हा फोटो, चांगल्या बाजूने. आणि बोरिवलीत नाहीतर मुलुंडला कुणीतरी बाप रविवारी आपल्या पोरीला म्हणेल, बघ काम. त्या घरात लोखंडाला तेलातलं कुंकू लावत असतील की नाही, काय माहीत.

"हा परत देऊ नका," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. एका सकाळी माझी दोन वाक्यं झाली होती. म्हणाले, पैसे जातील. मी मान हलवली. मग म्हणाले, भंगारात टाकू. मी म्हटलं, भंगारातूनच तर येतात. त्यांनी पाटाकडे पाहिलं, मी पण पाहिलं. करवत होती तिथे, माळ घालून विसावलेली. हे म्हणाले, पाना उचलला तेवढा पुरे, उद्या सकाळी कापतो, आज तिला हात नको. पण माणूस संध्याकाळी येणार होता, आणि मी ह्यांना ओळखते. दारात कुणी मालवणीत हाक मारली असती, तर त्यांनी पुठ्ठा हातात दिला असता आणि वर पाणी विचारलं असतं.

मी पाटाशी बसले. दोरा ओला होऊन घट्ट झाला होता, गाठ सुटेना. दाताने तोडला. माळ देवापाशी ठेवली, करवत कपाळाला लावली आणि ह्यांच्या हातात दिली.

दसऱ्याच्या दिवशी भर दुपारी आमच्या गॅलरीत लोखंड कापल्याचा आवाज झाला. पत्रे तापून टकटकत होते आणि खाली करवत. चाळीत सगळ्यांनी ऐकलं. परबकाका वर आले आणि न बोलता चिमट्याचं दुसरं टोक धरून बसले. तड्याच्या जागी तो फार लवकर तुटला. तेच सगळ्यात भीतीदायक होतं.

संध्याकाळी ह्यांनी त्या माणसाला फोन करून सांगितलं, की चिमटा कापून टाकला, माणूस पाठवू नको, पैसे नकोत. मला वाटलं तो चिडेल किंवा फोन आपटेल. त्याने अगदी हळू आमच्या पोरीचं विचारलं, "चेडू बरा आसा मा तुझा?" हे म्हणाले, आसा. दोघांनीही मग फोन ठेवला नाही, थोडा वेळ. गावच्या त्या ओढ्याला पाणी आहे का अजून, असं काहीतरी बोलले.

दुकानातला चिमटा दिवाळीला आला. प्राची आता त्याच इस्पितळात कामाला आहे, आणि खिचडी अजून धावते. कापलेल्या चिमट्याचा एक पाय मोगऱ्याच्या डब्यात आहे, वेल त्याच्या आधाराने चढली आहे. गंजतोय हळूहळू. गंजू दे.

आज फुलं आणली. उद्या पाट मांडेन. वाटीत खोबरेल घेईन, कुंकू कालवीन, आणि सायकलीच्या मानेला लावून पुसून बघेन. हत्यारांना फुलं वाहीन. करवतीलाही वाहीन. पण तिच्यावर फूल नुसतं ठेवते हल्ली. बांधत नाही.